सांधे सुजले असताना छातीचा सीटी स्कॅन कशासाठी?

प्रश्न : आमचे गाव सीमाभागात, बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात आहे. वडिलांचे वय ६८. चाळीस वर्षे विडी होती, चार वर्षांपूर्वी सोडली. दीड महिन्यापूर्वी दोन-तीन दिवसांतच त्यांचे दोन्ही हात मनगटापासून पुढे पुरीसारखे फुगले. मूठ वळेना, सकाळी शर्टाची बटणे लावता येईनात. पायांचे घोटेही सुजले. गावातील डॉक्टरांनी इंजेक्शन व गोळ्या दिल्या, आठ दिवस बरे वाटले आणि पुन्हा तेच सुरू झाले. आरए फॅक्टर (आमवाताची रक्ततपासणी) निगेटिव्ह, युरिक ॲसिड नॉर्मल, ईएसआर (शरीरातील दाह दाखवणारी तपासणी) ९२, हिमोग्लोबिन १०. दोन महिन्यांत वजन सहा किलो उतरले. बेळगावच्या तज्ज्ञांनी छातीचा सीटी स्कॅन आणि पीएसए ही प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्ततपासणी सांगितली आहे. घरात सर्वांचे म्हणणे असे की, दुखणे हातांचे, मग छातीचा स्कॅन कशाला? हा पैसे काढण्याचा प्रकार आहे की खरोखर काही संबंध असतो?

उत्तर : संबंध असतो. आपण कळवलेली माहिती बरोबर असेल, तर त्या तज्ज्ञांनी दिलेला सल्ला योग्य आहे आणि तो पुढे ढकलू नये, असे माझे मत आहे. मात्र याचा अर्थ वडिलांना कर्करोग झाला आहे असा नाही. सूज अचानक आलेली, वय साठीच्या पुढचे, वजन उतरलेले, औषधाचा परिणाम अर्धवट, आणि पाठीशी चाळीस वर्षांची विडी, या पाच गोष्टी एकत्र आल्यावर त्या शक्यतेकडे पाठ फिरवून केवळ सूज उतरवत राहणे चूक ठरेल, एवढाच त्या सल्ल्याचा अर्थ आहे. वडिलांना मी तपासलेले नाही, तेव्हा पुढचे सारे विवेचन त्या मर्यादेतच वाचावे.

प्रथम प्रमाणाचे भान ठेवू. आपल्या भागात साठीनंतर सांधे दुखतात म्हणून येणाऱ्या बहुतेकांना झिजेचा विकार असतो, काहींना गाऊट (युरिक ॲसिडमुळे होणारा संधिदाह), काहींना उशिरा सुरू झालेला आमवात. चिकुनगुन्याने कित्येकांचे सांधे महिनोन् महिने धरून ठेवलेले मी पाहिले आहेत. २००५-०६ च्या साथीत कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही राज्ये होरपळली आणि सीमेच्या दोन्ही बाजूंचे रुग्ण एकाच बाकावर कण्हत बसलेले असत. ज्यांच्या घरी दुभती जनावरे आहेत त्यांना मी हटकून विचारतो की, एखादी म्हैस गाभडली होती का, तिचा जार कोणी हाताने ओढला का, कच्चे दूध पिता का. कारण ब्रुसेलोसिसचा ताप आणि सांधेदुखी हीदेखील महिनोन् महिने चालते आणि वजनही उतरवते. क्षयरोगात प्रत्यक्ष जंतू सांध्यात नसतानाही सांधे सुजू शकतात, त्याला पॉन्सेचा आजार म्हणतात. या सर्वांच्या तुलनेत कर्करोगामुळे आलेला संधिदाह हा दुर्मीळच. परंतु दुर्मीळ असला तरी तो ओळखण्यावर बरेच अवलंबून असते, कारण पुष्कळदा मूळ गाठीने दुसरा कोणताही त्रास देण्यापूर्वी काही आठवडे वा काही महिने आधी सांधेच बोलू लागतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सांध्यात सूज आली म्हणजे कर्करोग सांध्यापर्यंत पसरला, असे घरचे लोक समजतात आणि खचून जातात. पसरलेल्या कर्करोगाने हाड किंवा सांधा दुखणे हा निराळा प्रकार आहे. त्यात बहुधा एकच जागा ठणकते, रात्री अधिक ठणकते, आणि एक्स-रेत हाड खाल्लेले दिसू शकते. आपण ज्याविषयी बोलत आहोत त्या प्रकारात सांध्यात कर्करोगाची एकही पेशी नसते. गाठ दूर कुठेतरी, फुप्फुसात, अंडाशयात, प्रोस्टेटमध्ये किंवा रक्त तयार करणाऱ्या मज्जेत असते. ती स्वतः काही रासायनिक द्रव्ये रक्तात सोडते, किंवा तिच्याशी लढण्यासाठी जागी झालेली शरीराची प्रतिकारयंत्रणा चुकून सांध्यांच्या अस्तरावर तुटून पडते. वैद्यकात याला पॅरानिओप्लास्टिक विकार म्हणतात. म्हणूनच हाताच्या सुजेचे कारण छातीत शोधणे हे विचित्र वाटले तरी अशास्त्रीय नाही. आणि त्याच कारणाने, मूळ गाठ काढली किंवा आटोक्यात आली की सांधे बहुधा आपोआप निवळतात. आमवातासारखे औषध वर्षानुवर्षे घ्यावे लागत नाही.

आता आपल्या वडिलांच्या हातांकडे येऊ. घरीच एक गोष्ट करून पाहा. त्यांचा हात पालथा मांडीवर ठेवा आणि हाताच्या पाठीवर, मधल्या बोटाच्या रेषेत, आपला अंगठा दहा-पंधरा सेकंद हळूहळू दाबून धरा. अंगठा उचलल्यावर तिथे मळलेल्या कणकेत पडावा तसा खड्डा राहिला आणि तो भरून यायला वेळ लागला, तर ही केवळ सांध्यांची सूज नाही; सांध्यांबरोबर स्नायूबंधांच्या आवरणांना दाह होऊन त्वचेखाली पाणी साठले आहे. वृद्धांमध्ये अचानक, दोन्ही बाजूंना सारखी, आरए फॅक्टर निगेटिव्ह असताना आणि अशी खड्डा पडणारी सूज आली, तर त्या चित्राला आरएस३पीई असे लांबलचक इंग्रजी नावाचे संक्षिप्त नाव आहे. अमेरिकेतील डॅनियल मॅकार्टी यांनी १९८५ मध्ये त्याचे वर्णन केले. हात मुष्टियोद्ध्याच्या मोज्यासारखे दिसतात, असे पुस्तकांत लिहिलेले असते. आमच्याकडचे रुग्ण मात्र आपल्यासारखेच ‘पुरीसारखे’ म्हणतात, आणि ते वर्णन मला अधिक अचूक वाटते.

हा विकार स्त्रियांपेक्षा वयस्क पुरुषांत अधिक दिसतो आणि त्यातील बहुतेकांना कर्करोग नसतो, हे आवर्जून सांगतो. नेहमीच्या आरएस३पीईमध्ये रोज १० ते २० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिले की दोन-तीन दिवसांत रुग्ण मूठ वळवून दाखवतो, आणि पुढे काही महिन्यांत हळूहळू मात्रा उतरवून औषध बंद करता येते. विकार सहसा परत येत नाही. जिथे हे असे सरळ घडत नाही, म्हणजे सूज अर्धीच उतरते, मात्रा वाढवत न्यावी लागते, कमी केली की लगेच उसळते, शिवाय ताप, वजन उतरणे, अन्नावरची वासना जाणे अशी लक्षणे सोबत असतात, तिथे आतल्या गाठीचा शोध घेणे भाग पडते. प्रोस्टेट, पोट व आतडी, आणि रक्ताचे कर्करोग यांच्याशी या विकाराचे नाते नोंदले गेले आहे. पीएसए तपासणी सांगितली गेली ती यासाठी. प्रोस्टेट नुसती वयामुळे वाढली असली किंवा तिला जंतुसंसर्ग झाला असला तरी पीएसए वाढतो, तेव्हा आकडा थोडा जास्त आला म्हणून लगेच घाबरू नये.

छातीचा स्कॅन सांगण्यामागे विडीचा इतिहास आहेच; परंतु फुप्फुसाचा कर्करोग आणि सांधे यांचे जे सर्वांत जुने, सर्वांत स्पष्ट नाते आहे ते आणखी वेगळ्या वाटेने जाते, आणि या भागात काम करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला ते ठाऊक असायला हवे. त्याला हायपरट्रॉफिक ऑस्टिओआर्थ्रोपथी म्हणतात. बाम्बर्गर यांनी १८८९ मध्ये आणि पिएर मारी यांनी १८९० मध्ये त्याची वर्णने केली; बोटांची टोके ढोलाच्या टिपरीसारखी फुगतात हे तर हिप्पोक्रेटिसच्या काळापासून वैद्यांना माहीत होते. यात तीन गोष्टी असतात. बोटांची टोके व नखे फुगीर होतात, लांब हाडांच्या वरच्या पापुद्र्यावर नवे हाड चढू लागते, आणि गुडघे, घोटे, मनगटे सुजतात. रुग्ण सांगतो ते दुखणे मात्र सांध्यापेक्षा नडगीचे असते. खोल, जळजळणारे, आणि पाय खाली सोडले की वाढणारे.

काही वर्षांपूर्वी निपाणीकडचे एक गृहस्थ आले होते, तंबाखूच्या वखारीत आयुष्य गेलेले (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). चार महिने त्यांच्यावर गुडघ्याच्या झिजेचे उपचार चालले होते. गुडघ्यांचा एक्स-रे त्यांच्या वयाला शोभेल असाच होता. मला खटकले ते त्यांचे बसणे. बाकावर बसल्याबरोबर त्यांनी समोरच्या स्टुलावर दोन्ही पाय उचलून ठेवले आणि ओशाळून म्हणाले, “डॉक्टर, पाय खाली सोडलं की नडगीत विस्तव पडल्यागत होतंय बघा.” घरीही ते पायांखाली पोते घालून झोपत. मी त्यांना दोन्ही हातांची तर्जनी, नखाला नख लावून, उजेडाकडे धरायला सांगितली. निरोगी माणसाच्या दोन नखांच्या मुळाशी पतंगाच्या आकाराची एक इवलीशी फट दिसते. त्यांच्या बोटांमध्ये ती नव्हती. नखे एकमेकांना सपाट भिडली होती. दक्षिण आफ्रिकेतील हृदयरोगतज्ज्ञ लिओ शॅमरॉथ यांनी १९७६ मध्ये स्वतःच्या आजारपणात स्वतःच्याच बोटांवर ही खूण पाहिली आणि नोंदवली. तिला खर्च शून्य आणि वेळ अर्धा मिनिट लागतो. आपण वडिलांच्या बाबतीत ती आजच पाहू शकता.

त्या गृहस्थांच्या नडग्यांचा एक्स-रे काढला, तेव्हा हाडाच्या कडेला समांतर जाणारी पातळ पांढरी रेघ दिसली, जणू जुन्या फळीवर कोणी दुसरी पातळ पट्टी डकवली आहे. छातीच्या साध्या एक्स-रेत उजवीकडे वर सुपारीएवढा डाग होता. गाठ वेळेत सापडली होती, शस्त्रक्रियेने ती काढता आली, आणि चौथ्या दिवशी त्यांना भेटलो तेव्हा ते पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून चहा पीत बसले होते. गाठ काढल्यावर इतक्या झपाट्याने वेदना थांबणे हे या विकाराचे वैशिष्ट्यच आहे. असे का घडते, याचे बऱ्यापैकी पटणारे स्पष्टीकरण असे आहे : रक्तातील बिंबिका (प्लेटलेट) ज्या मोठ्या पेशींपासून तयार होतात, त्या एरवी फुप्फुसांच्या बारीक केशवाहिन्यांत अडकून तिथेच फुटतात. फुप्फुसातील हा गाळणा बिघडला की त्या थेट बोटांच्या टोकांपर्यंत पोहोचतात, तिथे अडकतात, आणि नव्या रक्तवाहिन्या व नवे ऊतक वाढवणारी द्रव्ये सोडतात. काही गाठी अशी द्रव्ये स्वतःही तयार करतात.

फुगीर नखे म्हणजे कर्करोगच, असा उलटा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. फुप्फुसातील जुना पू, श्वासनलिकांचे जुने विकार, जन्मजात हृदयदोष, यकृताचे आजार यांतही ती दिसतात, आणि काही घराण्यांत ती पिढीजात असतात. बदल नवा आहे का आणि त्याला वेदनेची जोड आहे का, हे महत्त्वाचे.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक चित्र सांगितलेच पाहिजे, कारण ते हमखास हुकते. साठीच्या एक आजी हुक्केरी भागातून सुनेबरोबर आल्या होत्या. तक्रार विचारली तर म्हणाल्या, “भाकरी थापायला हात सपाट होईना.” परातीत भाकरी फिरवताना तळहात टेकत नव्हता, बोटे आत वळू लागली होती आणि तळव्याची कातडी लाकडी फळीसारखी टणक लागत होती. खांदेही वर जात नव्हते. मधुमेहात असे हात होतात, म्हणून साखरेची तपासणी दोनदा झाली होती आणि ती दोन्ही वेळा उत्तम होती. दोन-तीन महिन्यांत दोन्ही तळवे असे आवळून येणे हे तळव्याखालच्या पडद्याच्या दाहाचे लक्षण आहे, आणि त्याचे अंडाशयाच्या कर्करोगाशी असलेले नाते थॉमस मेड्सगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवून दिले. स्वादुपिंड, स्तन, फुप्फुस यांच्या कर्करोगातही ते आढळते. आजींच्या पोटाच्या सोनोग्राफीत अंडाशयाची गाठ निघाली. खेदाने सांगतो, ती पसरलेली होती. उपचारांनी त्यांना काही काळ मिळाला, हात मात्र पूर्ववत झाले नाहीत. हा प्रकार गाठीच्या उपचाराला निपाणीच्या त्या गृहस्थांसारखा पटकन दाद देत नाही.

इतर प्रकार थोडक्यात सांगतो. काही रुग्णांत एकदम, जणू रातोरात, गुडघा आणि घोटा यांसारखे पायांचे मोठे सांधे सुजतात, तेही दोन्ही बाजूंना सारखे नव्हे; मनगटे आणि बोटे पुष्कळदा वाचतात. पुरुषांत अशा वेळी फुप्फुस आणि स्त्रियांत स्तन आधी तपासावे. नडग्यांवर लालसर दुखऱ्या गाठी, घोट्यांना सूज आणि पोटदुखी असेल तर स्वादुपिंडाचा विचार करावा. नखांच्या मुळाशी बारीक मण्यांसारखे फोड आणि बोटांचे सांधे झपाट्याने झिजणे हा आणखी एक अतिदुर्मीळ प्रकार आहे. पापण्यांवर जांभळट छटा, बोटांच्या पेरांवर खवले आणि जिना चढताना मांड्यांतील जोर गेल्यासारखे वाटणे, हा मुळात स्नायूंचा विकार. पण उतारवयात त्याच्यामागेही कर्करोग शोधावाच लागतो.

आता माझी एक चूक. सत्तरीच्या एका निवृत्त शिक्षकांचे दोन्ही खांदे आणि मांड्या सकाळी तासभर आखडत. ईएसआर शंभराच्या वर होता. उतारवयात असे चित्र बहुधा पॉलिमायल्जिया या दाहाच्या विकाराचे असते आणि रोज १५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनने त्यात आठवड्याभरात जादू व्हावी तसा फरक पडतो. त्यांना फरक पडला, पण “आठ आणे” इतकाच, असे ते स्वतःच म्हणाले. मी मात्रा वाढवली. आणखी थोडा फरक पडला आणि मी समाधान मानले. पाच महिन्यांनी ते पाठीच्या कण्याचे हाड दबून आले, हिमोग्लोबिन आठ होते, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन वाढले होते. निदान झाले मल्टिपल मायलोमाचे, म्हणजे मज्जेतील कर्करोगाचे. रक्तातील प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस ही साधी तपासणी मी पहिल्याच महिन्यात केली असती तर पाच महिने वाचले असते. “आठ आणे” हा शब्द तेव्हापासून माझ्या कानात बसला आहे. जिथे सोळा आणे गुण यायला हवा तिथे आठ आणे आला, तर औषध कमी पडले असे न म्हणता निदान कमी पडले, असे मी आता धरून चालतो.

यावरून मी माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्या भागात या विकारांचे निदान उशिरा होते याचे मुख्य कारण दुर्मीळपणा नव्हे, तर आंधळेपणाने दिलेले स्टिरॉइड हे आहे. सुजलेल्या म्हाताऱ्या माणसाला एक इंजेक्शन द्यावे, तो दुसऱ्या दिवशी चालत येतो, डॉक्टरचे नाव होते. त्याने सूज उतरते, ईएसआर उतरतो, भूक लागते, वजन दोन किलो वाढते. आतली गाठ मात्र वाढतच असते. लिम्फोमासारख्या (लसिका ग्रंथींच्या कर्करोगासारख्या) रोगात तर आधी दिलेल्या स्टिरॉइडमुळे बायप्सीचा अहवालही फसवा येऊ शकतो. आठवडी बाजारात आणि काही वैदूंकडे मिळणाऱ्या वातावरच्या पुड्या घेणाऱ्यांचा चेहरा वाटोळा आणि कातडी कागदासारखी झालेली मी अनेकदा पाहिली आहे. ‘जडीबुटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा औषधांत स्टिरॉइड मिसळलेले सापडल्याची उदाहरणे आहेत. स्टिरॉइड वाईट औषध नाही, मी ते रोज लिहितो. परंतु साठीनंतर नव्याने आलेल्या सुजेला ते देण्याआधी रक्त घ्यावे, छातीचा एक्स-रे काढावा, सांध्यात पाणी असेल तर ते सुईने काढून तपासावे, आणि काय दिले, किती दिले, किती दिवस दिले हे कागदावर लिहून द्यावे. ही अपेक्षा खेड्यातल्या दवाखान्यालाही जड नाही.

दुसऱ्या बाजूची चूकही सांगतो. सांधे सुजले म्हणून घाबरून संपूर्ण शरीराचा पेट स्कॅन आणि प्रयोगशाळांच्या जाहिरातीतले ‘कॅन्सर पॅकेज’ करून येणारे लोक आहेत. सरसकट केलेल्या ट्यूमर मार्करांनी, म्हणजे कर्करोगाची खूण शोधणाऱ्या रक्ततपासण्यांनी, उत्तरापेक्षा घोटाळाच जास्त होतो. शोध माणसाकडे पाहून घ्यावा लागतो. आपल्या वडिलांच्या बाबतीत मी असा क्रम धरला असता : रक्ताची संपूर्ण तपासणी आणि रक्तपेशींचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण, क्रिएटिनिन, यकृताच्या तपासण्या, कॅल्शियम, प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस, अँटी-सीसीपी (आमवाताची आणखी एक तपासणी), लघवी, पोटाची सोनोग्राफी, पीएसए, छातीचा सीटी. हिमोग्लोबिन १० का आहे, याचा स्वतंत्र शोध घ्यावा. लोह कमी निघाले तर शौचातून न दिसणारे रक्त जाते का हे पाहून दुर्बिणीने जठर व मोठे आतडे तपासावे लागेल. तंबाखू खात असतील तर तोंड पूर्ण उघडायला लावून, जीभ बाजूला करून, गालफडे बोटाने चाचपून पाहावीत. काखा, मान, जांघा येथील गाठी हाताने पाहणे हे तर कोणत्याही यंत्राआधी यायला हवे. घरातील एखाद्या स्त्रीची तक्रार असती, तर स्तनांची तपासणी, गर्भाशयमुखाची तपासणी आणि अंडाशयांची सोनोग्राफी यांना मी प्राधान्य दिले असते.

छातीचा साधा एक्स-रे स्वच्छ आला असताना सीटी कशाला, असा प्रश्न आपण पुढे विचाराल. हृदयाच्या मागे, फासळ्यांच्या आड आणि फुप्फुसाच्या शेंड्याला असलेली लहान गाठ साध्या एक्स-रेत सुटू शकते. चाळीस वर्षे विडी ओढलेल्या माणसात ती सुटू नये म्हणून. आणि समजा डाग दिसलाच, तर आणखी एक सापळा आहे. आपल्याकडे छातीवरचा डाग म्हटला की क्षय हे समीकरण पक्के आहे, आणि ते बऱ्याचदा खरेही असते. परंतु बेडक्याच्या तपासणीत, सीबीनॅट या क्षयाच्या जंतूंच्या जनुकीय चाचणीत, जंतू न सापडता केवळ डागावरून क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दोन महिन्यांत डाग हलला नाही, तर सहा महिन्यांचा कोर्स पुरा होईपर्यंत थांबू नका. बायप्सीचा आग्रह धरा. मधल्या चार महिन्यांत शस्त्रक्रियेने निघू शकणारी गाठ न निघणारी होते, हे मी पाहिले आहे.

काही सापडले तर उपचार त्या गाठीचे, आणि सांध्यांसाठी तोपर्यंत वेदना सुसह्य करण्यापुरते औषध. काहीच सापडले नाही, आणि ही शक्यता चांगली मोठी आहे, तर निर्धास्तपणे स्टिरॉइडचा नेमका, मोजका कोर्स घ्यावा. मी अशा रुग्णांना पुढील दोन वर्षे तीन-चार महिन्यांनी बोलावतो; दर वेळी स्कॅन करत नाही, वजन करतो, हिमोग्लोबिन पाहतो, अंग तपासतो आणि सूज परत येते का विचारतो. कर्करोगाचे उपचार होऊन सांधे निवळलेल्या रुग्णांत सूज परत येणे ही गाठ परत आल्याची पहिली खूण असू शकते, तेव्हा त्यांनी ती अंगावर काढू नये.

आपल्या सीमाभागाची एक वेगळी अडचण असते. रक्त बेळगावला, एक्स-रे गडहिंग्लजला, सोनोग्राफी मिरजेला आणि सल्ला कोल्हापूरच्या पाहुण्याच्या ओळखीने, असे होऊन जाते आणि कोणत्याही एका डॉक्टरसमोर पूर्ण चित्र येत नाही. जिथे जाल तिथे एकाच डॉक्टरांकडे सूत्र ठेवा. खर्चाचे म्हणाल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत बऱ्याच उपचारांसाठी सरकारी रुग्णालयाचे रेफरल पत्र लागते, तेव्हा ते आधी घ्या. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ८६५ सीमागावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला होता. आपले गाव त्या यादीत आहे का आणि आज कोणत्या रुग्णालयात लाभ मिळतो, हे योजनेच्या आरोग्यमित्राला (रुग्णालयातील मदतनिसाला) प्रत्यक्ष विचारूनच जा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. संमतीपत्र कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असते. वडिलांना मराठीच वाचता येत असेल तर परिचारिकेकडून अर्थ समजून घेतल्याशिवाय सही करू नका. त्यांना काय सांगायचे, हा निर्णय घरच्यांनी परस्पर घेऊ नये. “त्यांना कळू देऊ नका” अशी विनंती मला आठवड्यातून एकदा तरी दारामागे केली जाते, आणि बहुतेक वेळा आत बसलेल्या माणसाला सारे कळलेले असते.

सीटीला जाण्यापूर्वी तीन गोष्टी करा. क्रिएटिनिनचा ताजा अहवाल बरोबर ठेवा, कारण शिरेतून औषध देऊन स्कॅन करायचा असेल तर तो पाहिला जातो. गेला महिनाभर वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर हे विशेष महत्त्वाचे. मधुमेहाची गोळी चालू असल्यास तिचे नाव सांगा. आणि गावात दिलेल्या इंजेक्शनची बाटली किंवा गोळ्यांची रिकामी पाकिटे सापडत असतील तर ती जपून न्या. त्या गोळ्या तीन आठवड्यांहून अधिक काळ चालू असतील आणि त्यात स्टिरॉइड असेल, तर ती घाबरून एकदम बंद करू नका. रक्तदाब व साखर अचानक उतरून माणूस कोसळू शकतो. पाकिटावर प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन यांपैकी काही लिहिले आहे का, एवढे आज रात्रीच पाहून ठेवा आणि ते नाव उद्या तज्ज्ञांना फोनवर कळवा.